जॉनी चॅनचा संयम आणि ऑनलाइन पोकरने त्यातून घेतलेला चुकीचा धडा

१/
१९८८. लास वेगासमधील बिनियन्स हॉर्सशू. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतील १६७ खेळाडूंपैकी दोनच उरले होते : गतविजेता जॉनी चॅन आणि वॉल स्ट्रीटवरील नोकरी १९८७ च्या पडझडीत गमावलेला एरिक सायडल. चॅनच्या हाती गुलाम-नव्वी, सायडलच्या हाती राणी-सत्ती. टेबलावर पहिली तीन पाने उघडली : राणी, दश्शी, अठ्ठी.

२/
चॅनचे सलग पाच जुळले होते. त्या क्षणी त्याहून वरचढ हात संभवतच नव्हता. सायडलला मात्र राणीची जोडी दिसत होती, आणि दोघांच्याच डावात राणीची जोडी म्हणजे बळकट हात. चौथे पान दुर्री आले. सायडलने चेक केले, चॅननेही चेक केले. पाचवे पान छक्की. सायडलने उरलेल्या सर्व चिपा पुढे सारल्या आणि डाव तिथेच संपला. चॅन सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. बक्षीस ७ लाख डॉलर.

३/
दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘राउंडर्स’ या चित्रपटाने हाच डाव पडद्यावर आणला आणि तो दंतकथा झाला. त्याच वर्षाच्या आरंभी प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशांचे ऑनलाइन पोकर सुरू झाले होते. घरबसल्या पोकर शिकणाऱ्या पिढीच्या मनावर त्यामुळे एक प्रतिमा कोरली गेली : उत्तम हात आला की गप्प बसावे, दुर्बळतेचे सोंग घ्यावे, सावज आपणहून येईल.

४/
या प्रतिमेतून डावाचा पूर्वार्ध गळला होता. पहिल्या तीन पानांवर चॅन गप्प बसलेला नव्हता. त्याने ४०,००० ची पैज लावली, सायडलने ती ५०,००० ने वाढवली आणि चॅनने ती स्वीकारली. तेव्हाच पॉट इतका फुगला की सायडलकडे उरलेल्या चिपा ओढून घेण्यास एकच पैज पुरेशी होती. चौथ्या पानावरील मौनाची किंमत चॅनला जवळपास शून्य पडली. संयम खरा होता. पण त्याआधी पाया रचला गेला होता, आणि हे अनुकरण करणाऱ्यांच्या फारसे ध्यानी आले नाही.

५/
प्रारंभीच्या ऑनलाइन पोकरमध्ये ही चूक खपूनही जाई. तेव्हा ‘लिमिट’ प्रकाराचे प्राबल्य होते. त्यात पैजेचा आकार ठरलेला असतो. एक फेरी गप्प राहिले तर बुडते ती एक पैज, एवढेच. ‘नो-लिमिट’मध्ये हिशेब मुळातच वेगळा आहे.

६/
समजा पॉटमध्ये १०० आहेत आणि दोघांकडे प्रत्येकी १,३०० आहेत. तिन्ही फेऱ्यांत पॉटएवढी पैज लावली आणि प्रतिस्पर्ध्याने ती स्वीकारली, तर पैजा होतात १००, ३०० आणि ९००. म्हणजे त्याचे सगळे १,३०० आले. आता यांतली एकच फेरी गप्प राहून घालवली, तर उरतात १०० आणि ३००. एका चेकची किंमत ९०० ! पॉट चक्रवाढीने वाढतो. (तीन पत्तीत चाल वाढवत नेणाऱ्यांना हे कागदावर न मांडताही कळत असते.)

७/
२००३ मध्ये टेनेसीचा लेखापाल ख्रिस मनीमेकर याने पोकरस्टार्सवरील ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून त्याच मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. त्याचा शेवटचा डाव चॅनच्या डावाशेजारी ठेवून पाहावा. उघडी पाने गुलाम, पंजी, चौकी. मनीमेकरकडे पंजी-चौकी, सॅम फार्हाकडे गुलाम-दश्शी. मनीमेकरने आधी चेक केले, पण फार्हाने पैज लावताच तत्काळ ती वाढवली. फार्हाने सर्वस्व पणाला लावले. सारे पैसे तिसऱ्या पानावरच मध्ये आले. पुढच्या वर्षी स्पर्धेत २,५७६ जण उतरले आणि नो-लिमिट हाच ऑनलाइन पोकरचा मुख्य प्रवाह झाला.

८/
आता शिकवणीही बदलली. संगणकावर प्रत्येक डावाची नोंद राहू लागली आणि हजारो डाव चाळून कोणत्या हाताने किती मिळवले हे पाहता येऊ लागले. सोंगापेक्षा सरळ पैज अधिक देते, विशेषतः हाती काहीही आले तरी कॉल करणाऱ्यांविरुद्ध. हे मत न राहता आकड्यांत दिसू लागले.

९/
पण सरळ पैज फक्त उत्तम हातावरच लावणारा लवकरच ओळखू येतो आणि मग त्याला कोणी पैसे देत नाही. हे कोडे ऑनलाइन पोकरच्या कितीतरी आधी सुटले होते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. ब्लफचा हेतू केवळ दुर्बळ हाताने जिंकणे हा नसून, बळकट हातावरच्या पैजेविषयी संशय निर्माण करणे हाही आहे, असे त्यांचे प्रतिपादन. शेवटच्या फेरीत पॉटएवढी पैज लावली, तर दोन खऱ्या हातांमागे एक खोटा असावा. मग कॉल करणाऱ्याला कॉल करणे आणि पाने टाकणे सारखेच ठरते.

१०/
प्रतिस्पर्ध्याची पानेच दिसली तर मात्र कोणत्याही गणिताची गरज उरत नाही. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर नेमके हेच घडले. काही खात्यांना इतरांची झाकलेली पाने दिसत होती. खेळाडूंनी डावांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा खात्यांचे यश संभाव्यतेच्या कुठल्याही चौकटीत बसेना. चोरी पकडली ती या आकड्यांनी. २००८ च्या जानेवारीत कानावाके गेमिंग कमिशनने कंपनीला ५ लाख डॉलरचा दंड केला.

११/
जानेवारी २०१७, पिट्सबर्गचा रिव्हर्स कॅसिनो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील नोम ब्राऊन आणि टुओमास सँडहोम यांचा ‘लिब्रॅटस’ हा प्रोग्राम चार निष्णात व्यावसायिकांशी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळला. सर्वांना चकित केले ते त्याच्या पैजांच्या आकाराने. पॉटच्या कित्येक पटींची पैज तो निःसंकोच लावी, कधी सर्वोत्तम हातावर, कधी पोकळ हातावर, आणि ते आकार पाहून दोन्हींत फरक करता येत नसे. रात्री खेळाडू एकत्र बसून त्याच्यातील फटी शोधत. त्याच रात्री लिब्रॅटस स्वतःच्या फटी बुजवत असे. अखेरीस तो १७,६६,२५० डॉलरच्या चिपांनी पुढे होता. त्या चिपांना पैशांत किंमत नव्हती. चौघा हरलेल्यांनी मात्र २ लाख डॉलरचे मानधन आपसांत वाटून घेतले.