आद्रियानराव

पुण्यात कोण येऊन गेले याची नोंद ठेवण्याची आम्हां पुणेकरांना भारी हौस. कुठल्या वाड्यात कोण उतरले होते, कुठल्या खुर्चीत कोण टेकले होते, याच्यासुद्धा पाट्या लावू. पण एका पाहुण्याची पाटी कुठेच लागली नाही, म्हणून हा खटाटोप.

पाहुणा रुमानियाचा. नाव आद्रियान, आडनाव मुतू. आता याला त्या बिचाऱ्याचा काय इलाज? पण आमच्या घरात जेवताना ते आडनाव उच्चारायला बंदी झाली. शेवटी सौ.नेच तोड काढली : 'आद्रियानराव' म्हणा!

तर हे आद्रियानराव २०१५ साली एफसी पुणे सिटीकडून खेळायला बालेवाडीस आले. असामी लहानसहान नव्हे. रुमानियाकडून ३५ गोल. गेओर्गे हाजीचेही तेवढेच, आणि हाजी म्हणजे तिकडचे दैवत. पितेश्तीच्या अर्जेश क्लबातून निघाले, बुखारेस्टच्या दिनामोत नाव काढले, तिथून इटलीत गेले. २००३ साली लंडनच्या चेल्सीने दीड कोटी पौंडांहून जास्त मोजून त्यांना उचलले. पुढच्याच वर्षी कोकेनच्या चाचणीत सापडले! नोकरी गेली, सात महिन्यांची बंदी आली आणि वर चेल्सीला भरपाई म्हणून १ कोटी ७० लाख युरो देण्याचा हुकूम झाला. खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ साली तिथेही हरले. पुणेकर व्हायला एवढी चिकाटी पुरेशी आहे, असे माझे मत.

मध्यंतरी युव्हेन्टस झाले, फिओरेन्तिना झाले. २००८च्या युरोपियन स्पर्धेत इटलीवर गोल केला आणि त्याच सामन्यात पेनल्टी मारली, ती बुफोनने अडवली. बुफोन म्हणजे युव्हेन्टसमधला जुना सहकारी. आपली माणसेच आपल्याला नेमकी ओळखतात!

नातू तेव्हा आठ वर्षांचा. त्याला घेऊन बसने बालेवाडी गाठली. त्याच्या गळ्यात नारिंगी पट्टा, माझ्या गळ्यात कानटोपी आणि मफलर. आद्रियानराव छत्तिसाव्या वर्षी फारसे पळत नव्हते. पेन्शनीला आलेल्या माणसाने पळावे तरी कशाला? पण चेंडू पायाशी आला, की भोवतालची पोरे उगीचच धावताहेत असे वाटायचे. त्या वर्षी आठ संघांत आपण सातवे आलो. नातवाला त्याचे काही नाही. त्याच्या लेखी 'आपण' खेळलो, एवढे बास.

हे 'आपण' पुढे जड गेले. पुणे एफसी २००७ साली निघाला, आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तिसरा आला, २०१२-१३ला उपविजेता झाला आणि काही वर्षांत मिटला. भारत एफसीने २०१४-१५चा एकच मोसम काढला. शिवाजियन्सनी आय-लीगमध्ये दोन काढले. पुणे सिटी २०१८ साली उपान्त्य फेरीपर्यंत पोचला आणि २०१९ साली तोही आटोपला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला आणि २०२१-२२चे अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला.

रुमानियातही हीच तऱ्हा. उर्झिचेनीचा उनिरिया २००९ साली राष्ट्रीय विजेता, २०११ साली बंद. १९८६ साली बार्सिलोनाला हरवून युरोपियन कप जिंकणारा स्तेआउआ तर नावासाठी कोर्टात उभा. लष्कर म्हणे नाव आमचे. मालकाने २०१७ साली क्लबाचे नाव बदलून एफसीएसबी केले, आणि लष्कराने त्याच नावाचा दुसरा संघ काढला. वाड्याच्या भाऊबंदकीत आणि यात फरक काय? पण त्या दोघांचे प्रेक्षक निदान भांडतात तरी. आमच्याकडे भांडायला मागे कोणी उरलेच नाही.

२०१९ साली नातू बारा वर्षांचा होता. म्हणाला, "आजोबा, आपली टीम कुठे गेली?"

"हैदराबादला."

"मग आता आपण हैदराबादचे?"

पुण्यात चाळीस वर्षे मास्तरकी केली, पण या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. तो पट्टा सौ.ने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवला.

परवा मी जाहीर केले, बालेवाडीच्या दाराशी आद्रियानरावांची पाटी लागलीच पाहिजे. सौ. म्हणाली, "लावा, पण आडनाव नको."

नातू आता कॉलेजात जातो. पुस्तकातून मान वर न काढता तो म्हणाला, "आजोबा, खाली क्लबचं नाव लिहा. नाहीतर कुणाकडून खेळला, ते कळणार कसं?"