ख्रिस्ती शिष्यत्व म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्मविचारात 'शिष्यत्व' ही मध्यवर्ती कल्पना आहे. नव्या करारातील 'शिष्य' या शब्दामागे 'मॅथेटेस' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ 'शिकणारा' असा होतो. 'ख्रिस्ती' हे नाव त्यानंतरचे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील नोंदीनुसार ते येशूच्या शिष्यांना प्रथम अंत्युखियात मिळाले.

मार्ककृत शुभवर्तमानात (८:३४) येशूने अनुयायांना आत्मत्याग करून, आपला वधस्तंभ उचलून मागे येण्यास सांगितले आहे. बाप्तिस्मा हा या वाटचालीचा आरंभ मानला जातो. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपासना व सेवा ही आध्यात्मिक वाढीची साधने होत. वाढीची पारख मात्र आचरणावरून होते. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, सौम्यता आदी नऊ गुणांना 'आत्म्याचे फळ' म्हटले आहे.

या विचाराचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या. त्या काळाचे प्रांजळ चित्रण त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. पुढे त्यांनीही स्वतः विचार करून ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांच्या दृष्टीने धर्मांतराने शोध संपला नव्हता. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानत. भजन-कीर्तनाच्या देशी वळणाने त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते.

शिष्य कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. बाप्तिस्मा हा प्रभूच्या आज्ञेचा भाग असल्याने तो टाळता येत नाही, अशी चर्चची परंपरागत भूमिका आहे. टिळकांनी भर दिला तो अनुसरणावर. दोन वर्षांतच त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग अपुरा राहिला. त्यांची गीते मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.