चित्र राहिले, नाव मागे पडले : सा. ल. हळदणकर आणि म्हैसूरचे ‘दिव्याचे चित्र’

हुबळी-धारवाडकडची मराठी कुटुंबे दसऱ्याच्या निमित्ताने म्हैसूरला जातात, तेव्हा मोठा राजवाडा आणि चामुंडी टेकडी यांच्या जोडीने जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळाही पाहून येतात. तेथील सर्व चित्रांत एकच चित्र बहुतेकांच्या स्मरणात राहते. एक स्त्री हाती दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला धरला आहे. ज्योत स्वतः दिसत नाही. परंतु बोटांच्या कडा आतून उजळल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत आणि तोच उजेड वर चेहऱ्यावर पसरला आहे. वर्षानुवर्षे हे चित्र काळोख करून दाखविले जात आले आणि त्या काळोखात प्रेक्षक क्षणभर निःशब्द होतो. बाहेर आल्यावर मात्र तो सोबत्याला सांगतो, “काय रविवर्म्याचा हात होता!”

हे चित्र राजा रविवर्म्याचे नाही. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे जलरंगातील चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर या मराठी चित्रकाराने १९४५-४६ च्या सुमारास रंगविले. रविवर्मा १९०६ साली निवर्तला होता. म्हणजे ज्याच्या नावावर हे चित्र लोकांनी जमा केले, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ते जन्माला आले. इतकी ढळढळीत तारीख उपलब्ध असताना ही समजूत टिकून कशी राहिली, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सार्वजनिक ठिकाणी आपली कृती मांडणाऱ्या कलावंताला काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. लहान संस्थानातील या हुशार मुलाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि १९०८ साली मुंबईत ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ ही स्वतःची कलाशाळा काढली. व्यक्तिचित्रण आणि जलरंग या दोन्हींत त्यांनी मोठे नाव कमावले. ‘कमावले’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. कारण त्या पिढीच्या चित्रकाराला नाव मिळत असे ते प्रदर्शनातूनच.

त्यापूर्वीचा चित्रकार एखाद्या दरबाराच्या आश्रयाने राही. त्याचे काम पाहणारे मोजके आणि त्याची किंमत ठरविणारा एकच. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांनी ही व्यवस्था हळूहळू पालटली. चित्र पाठवावयाचे, ते निवडीस उतरले तर भिंतीवर लागावयाचे, परीक्षकांनी पदक द्यावयाचे, वृत्तपत्रांनी बरेवाईट लिहावयाचे आणि अनोळखी माणसाने ते विकत घ्यावयाचे, अशी ही नवी रीत होती. कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ साली ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्रासाठी सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते. पुढच्याच वर्षी जे. जे.मधील गणपतराव म्हात्रे या विशीतल्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हा पूर्णाकृती प्लॅस्टरचा पुतळा घडविला. पूजेला निघालेल्या नऊवारीतील त्या तरुणीचे कौतुक मुंबईपुरते राहिले नाही. विलायतेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी आणि बंगालीत रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्याविषयी लिहिले. प्रदर्शनाच्या दालनाने एका विद्यार्थ्याला काही महिन्यांत देशभर पोहोचविले.

तथापि या दालनाचे दार सर्वांना सारखेच उघडे होते असे नाही. बॉम्बे आर्ट सोसायटीवर आरंभीची अनेक वर्षे युरोपियनांचे वर्चस्व होते. भारतीय चित्रकारांना स्वतःचे व्यासपीठ हवे होते. या निकडीतून १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. तिच्या संस्थापकांत हळदणकर होते. म्हणजे ज्या चित्रकाराचे नाव पुढे एका चित्रशाळेत मागे पडले, त्यानेच इतरांची चित्रे त्यांच्या नावानिशी लोकांपुढे यावीत म्हणून संस्था उभारण्यास हातभार लावला होता.

या साऱ्या घडामोडी धारवाडला परक्या नव्हत्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई प्रांताचाच भाग होता. मुंबईहून घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा या भागातील शाळांतही होत आणि ज्याला पुढे शिकावयाचे असे त्याची वाट जे. जे.कडे जाई. धारवाडात कलाशाळा काढून पिढ्या घडविणारे द. व्ही. हळभावी हेही त्याच वाटेने गेलेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड म्हैसूर राज्यात आले आणि ज्या चित्राचा कर्ता मुंबईचा व ज्याचे घर म्हैसूर, ते चित्र दोन्ही नात्यांनी येथील मराठी माणसाचे झाले.

आता त्या चित्राकडे वळू. त्यातील स्त्री म्हणजे हळदणकरांची कन्या गीता. विवाहानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरास राहिल्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. त्या वेळी वृत्तपत्रांनी ‘दिव्याच्या चित्रातील स्त्री’ म्हणून त्यांची आठवण छापली, तेव्हा अनेकांना मूळ चित्रकाराचे नाव प्रथमच कळले असेल.

चित्राचे माध्यमही ध्यानात घेण्यासारखे आहे. तैलरंगात काळोख आधी रंगवून त्यावर उजेडाचे हात देता येतात. चुकले तर पुसता येते, झाकता येते. जलरंगात ती सोय नाही. तेथे उजेड म्हणजे कागदाचा शुभ्रपणा. तो आरंभापासून राखून ठेवावा लागतो आणि काळोख थरावर थर देऊन त्याच्याभोवती आणावा लागतो. बोटांच्या कडांवरील ती तांबूस झाक राखणे हे साठी ओलांडलेल्या चित्रकाराच्या उभ्या आयुष्याच्या सरावाचे फळ होते. रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची. निव्वळ माध्यम पाहिले असते तरी जाणकाराला शंका यावयास हवी होती.

मग नाव का पालटले? त्याची दोन कारणे दिसतात. जगन्मोहन राजवाडा १८६१ साली बांधला गेला आणि १९१५ पासून तेथे चित्रसंग्रह मांडला गेला. त्या संग्रहात रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत आणि प्रेक्षक ती पाहण्याच्या ओढीनेच आत शिरतो. जे सर्वांत अधिक आवडले ते सर्वांत मोठ्या नावाचे असणार, असे त्याचे मन परस्पर ठरवून टाकते. दुसरे कारण त्याहून जुने आहे. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या. परिणामी देखणी, भरजरी, साडी नेसलेली स्त्री चित्रात दिसली की ते ‘रविवर्म्याचे चित्र’, असे समीकरणच रूढ झाले. एका चित्रकाराचे नाव हे एका प्रकारचे नाव बनले आणि त्याखाली इतर अनेकांची नावे झाकली गेली.

धारवाड ही गवयांची भूमी. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा गंगूबाई हनगल यांच्या मैफलीत सूर आणि गाणारा एकमेकांपासून वेगळे करता येत नसत. श्रोत्याची दाद गाणाऱ्याच्या कानांवर तत्काळ पडे. चित्रकाराचे तसे नसते. चित्र भिंतीवर लावून तो निघून जातो. त्यानंतर ते चित्र एकट्याने अनोळखी नजरांपुढे उभे राहते. कोण थांबले, कोण हेलावले, कोणी काय समजूत करून घेतली, हे त्याला कळत नाही. हळदणकर १९६८ साली गेले. त्यांच्या चित्रासमोर त्यानंतरही लक्षावधी माणसे थबकली आणि त्यांतील अनेकांनी आपली दाद दुसऱ्याच्याच पत्त्यावर पाठविली.

यात प्रेक्षकाचा दोष थोडा आहे. त्याने डोळे भरून पाहिले, ही त्याची बाजू त्याने पार पाडली. नाव सांभाळण्याची जबाबदारी भिंत ज्यांची असते त्यांच्याकडे येते. चित्राखालची पाटी ठळक आणि वाचता येईल अशी असावी, दाखविणाऱ्याने चित्राआधी चित्रकाराचे नाव उच्चारावे, यादीत कर्ता, साल आणि माध्यम नोंदलेले असावे, एवढ्या साध्या गोष्टींनी हे साधते.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे वेगळे सांगावयास नको. पुस्तक फळीवर जाण्यापूर्वी दाखल-नोंदवहीत त्याच्या लेखकाचे नाव चढते. मुखपृष्ठ फाटले, पाने सुटली, तरी त्या नोंदीमुळे पुस्तक निनावी होत नाही. शतकभर ही नोंद अखंड ठेवणे हे बाहेरून कंटाळवाणे दिसणारे काम आहे. अनेक लेखकांना वाचकांच्या स्मरणात ठेवले आहे ते त्याच कामाने. म्हैसूरला पुन्हा जाणे झाले, तर त्या चित्रापुढे उभे राहून सोबतच्या मुलाबाळांना एवढे अवश्य सांगावे की, हे चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे आणि दिवा धरलेली ती स्त्री त्यांची लेक आहे.