एक भागीदारी, दोन राष्ट्रे

इ. स. १९४७ च्या मार्च महिन्यात बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोद्यासमोर इंदूरचा बलाढ्य होळकर संघ होता. त्या सामन्यात बडोद्याचे गुल महंमद आणि विजय हजारे यांनी चौथ्या बळीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद यांच्या ३१९ आणि हजारे यांच्या २८८ धावा झाल्या. होळकर संघ एक डाव व ४०९ धावांनी हरला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही बळीसाठी याहून मोठी भागीदारी २००६ पर्यंत झाली नाही.

विक्रम म्हणून ही भागीदारी सर्वांना ठाऊक आहे. परंतु खेळाडू नेमका कोणाचा, या प्रश्नाचाही एक इतिहास तिच्यात दडलेला आहे.

हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. गुल महंमद लाहोरचे, मुसलमान. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. तेथे खेळाडूची निवड धर्मावरून होई. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांचे संघ होते. उरलेल्यांसाठी १९३७ पासून ‘रेस्ट’ नावाचा संघ आला. हजारे या ‘रेस्ट’कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. गुल महंमद मुसलमानांच्या संघात असत. म्हणजे मुंबईत हे दोघे परस्परांचे प्रतिस्पर्धी ठरत. महात्मा गांधींनी १९४० साली या जातीय सामन्यांविरुद्ध मत दिले होते; तरी ते १९४६ पर्यंत चालले.

संस्थानांत मात्र दुसरा न्याय होता. बडोदे आणि इंदूर येथील दरबार दूरदूरचे गुणी खेळाडू पदरी ठेवीत. तेथे धर्म कोणी विचारीत नसे. संस्थानात वास्तव्य असले म्हणजे पुरे. म्हणूनच सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान एकाच खेळपट्टीवर एकाच संघासाठी धावा काढू शकले. ज्या महिन्यात ही भागीदारी झाली, त्याच महिन्यात लाहोरात दंगली पेटल्या होत्या. पाच महिन्यांनी फाळणी झाली आणि प्रश्नाला तिसरे रूप आले. आता उत्तर राष्ट्राच्या नावाने द्यावयाचे होते.

फाळणीनंतरही गुल महंमद भारतातर्फे खेळले. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते भारतीय संघात होते. १९५२ साली पाकिस्तानचा संघ प्रथमच कसोटी सामन्यांसाठी आला, तेव्हाही ते भारताच्याच बाजूने उतरले. समोरच्या संघाचे कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली इंग्लंडात भारतातर्फे तीन कसोटी सामने खेळलेले होते. बडोद्याचेच अमीर इलाही भारतातर्फे एक कसोटी खेळून आता पाकिस्तानच्या संघातून आले होते. पुढे १९५६ साली कराचीस पाकिस्तानने ऑस्ट्रेलियाला हरविले, तेव्हा विजयाच्या क्षणी २७ धावांवर नाबाद असलेले एक फलंदाज गुल महंमद होते. भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले हे तिघेच.

यावरून राष्ट्र धर्मानेच ठरते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. इंदूरचे सय्यद मुश्ताक अली हेही पंचरंगीत मुसलमानांच्या संघातून खेळत. फाळणीनंतर ते इंदुरातच राहिले, भारतातर्फे खेळले आणि २००५ साली इंदुरातच वारले. धर्म एक असून दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या.

आज आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे नियम जन्म, नागरिकत्व किंवा वास्तव्य पाहतात. धर्म पाहत नाहीत. या कसोट्याही पूर्ण नाहीत, कारण सीमारेषा सरकली की जन्मस्थानाचेही राष्ट्र बदलते. तथापि माणसाच्या प्रार्थनेवरून त्याचा देश ठरविण्यापेक्षा त्या निश्चितच न्याय्य आहेत. गुल महंमद १९९२ साली लाहोरास वारले, हजारे २००४ साली बडोद्यास. चौथ्या बळीच्या विक्रमाच्या नोंदीत मात्र त्यांची नावे अद्याप एकाच ओळीत आहेत.