होळकर स्टेट रेल्वे : इंदूरच्या पैशाने आलेली आगगाडी

इंग्लंडमध्ये 1825 साली स्टॉकटन ते डार्लिंग्टन ही रेल्वे सुरू झाली, ती मुख्यतः तिथल्याच व्यापाऱ्यांच्या भांडवलावर. आपल्या इंदूरची पहिली रेल्वेही इथल्याच पैशाने झाली, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. तो खंडव्यावरून जात होता, पण इंदूर व खंडवा यांच्या मध्ये विंध्याचा घाट आणि नर्मदामाई! त्या सुमारास महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्ज दिले. जमीनही विनामूल्य दिली. कर्जाची मुदत होती 101 वर्षे!

काम खंडव्याकडून सुरू झाले. 1874 मध्ये सनावदपर्यंत गाडी धावली, 1876 मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला. सर्वांत कठीण भाग पातालपाणी ते कालाकुंड हा घाट. तिथे चाळीस फुटांमागे एक फूट चढ आहे आणि डोंगर पोखरून बोगदे काढावे लागले. यंत्रे फारशी नसताना मजुरांनी हे काम केले. त्यांची नावे कुठल्याच शिलालेखावर नाहीत.

पैसा होळकरांचा, पण कारभार इंग्रजांचा. रेल्वेच्या जमिनीवरचा अंमलही त्यांच्याकडे गेला. काही वर्षांतच ही रेल्वे राजपूताना-माळवा रेल्वेत सामील झाली आणि ‘होळकर’ हे नाव पाटीवरून उतरले. पुढे बी.बी. अँड सी.आय. आणि 1951 पासून पश्चिम रेल्वे.

इंदूरच्या मराठी कुटुंबांना हा मार्ग म्हणजे माहेरची वाट. खंडव्याला गाडी बदलून भुसावळ, नाही तर पुढे छोट्या गाडीनेच अकोला, पूर्णा. लग्नकार्ये, दिवाळी, सुट्ट्या, सारे या गाडीच्या वेळापत्रकावर ठरत असे.

2023 च्या सुरुवातीला महू-सनावद छोटी लाईन बंद झाली. ब्रॉडगेजचा नवा मार्ग जुना घाट टाळून जाणार आहे. मोठी लाईन हवीच, त्याबद्दल दुमत नाही. 2018 च्या नाताळात सुरू झालेल्या हेरिटेज गाडीमुळे पातालपाणी-कालाकुंड तुकडा तरी राखला गेला. पावसाळ्यात धबधबा पाहायला आपण तिथे जातोच. मुलांना एवढे जरूर सांगावे, की ज्या रुळांवरून ही गाडी जाते, तो मार्ग आपल्या इंदूरच्या खजिन्यातून उभा राहिला.

गणपती बाप्पा मोरया!