बंगाली कथेंतील उपेक्षित स्त्री



बंगाली कथेनें दीन स्त्रीकडे पूर्वीं पाहिलेंच नव्हतें असें नाहीं. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची अभागी ही दुले जातीची बाई. मरणोत्तर आपल्याला अग्नि मिळावा एवढीच तिची इच्छा. परंतु तिनें स्वहस्तें लावलेलें झाडही जमीनदाराचा कारभारी तोडूं देत नाहीं. वाचकाचे डोळे पाणावतात. पण अभागीच्या वांट्याला येते ती दया, हक्क नव्हे. दयेपासून हक्कापर्यंतचा पल्ला ज्यांनीं गांठला, त्यांत महाश्वेतादेवींचें (१९२६-२०१६) नांव अग्रभागीं घ्यावें लागेल.

त्यांचें पहिलें पुस्तक झांशीच्या राणीचें चरित्र. तें १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यासाठीं त्या त्या प्रदेशांत हिंडल्या आणि लोकांच्या तोंडचीं गीतें व आठवणी त्यांनीं पुरावा म्हणून जमविल्या. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनाही इतिहास असतो, ही दृष्टि पुढील साऱ्या लेखनाचा पाया ठरली. बिरसा मुंडाच्या उठावावरील ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीस १९७९ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

‘अग्निगर्भ’ (१९७८) या संग्रहांतील ‘द्रौपदी’ची नायिका संथाळ आहे. महाभारतांतील द्रौपदीसाठीं श्रीकृष्ण धांवला. येथें कोणीही धांवत नाहीं. सैनिकांच्या अत्याचारानंतर ती वस्त्र नाकारते व तशीच सेनानायकापुढें उभी राहते. त्या निःशस्त्र स्त्रीचें त्याला भय वाटतें. लाज कोणी बाळगावयाची, हा प्रश्न ती उलट त्यालाच विचारते. ‘रुदाली’ची शनिचरी घरचीं माणसें गेलीं तेव्हां रडूं शकली नाहीं, पुढें श्रीमंतांच्या प्रेतांवर तेंच रडें ती मोलानें विकते. ‘स्तनदायिनी’ची यशोदा तर ब्राह्मणी, पण परक्यांचीं मुलें आपल्या दुधावर वाढवून अखेर ती एकाकीच मरते. म्हणजे जात उच्च असली तरी राबणाऱ्या स्त्रीचा देह दुसऱ्याच्याच उपयोगाचा ठरतो.

ही केवळ कल्पनासृष्टि नव्हे. १८७१ च्या कायद्यानें ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविलें, त्यांचा कलंक तो कायदा १९५२ सालीं रद्द होऊनही पुसला गेला नाहीं. १९९८ सालीं पुरुलियांतील बुधन शबर कोठडींत मरण पावला. महाश्वेतादेवींनीं तें प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत नेण्यास साह्य केलें आणि त्याच्या विधवेस भरपाई देण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षीं अशा जमातींच्या हक्कांसाठीं जो संघ स्थापन झाला, त्यांत गणेश देवी यांच्यासमवेत ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड हे त्यांचे सहकारी होते.

कथेंतील स्त्रीसाठीं अश्रु ढाळणें सोपें आहे. न्यायासनापुढें तिच्या बाजूनें उभें राहणें कठीण. महाश्वेतादेवींच्या लेखणीनें हीं दोन्हीं कामें एकच मानलीं, हें तिचें खरें मोठेपण.