चापिंगोचे खानखोजे

एका देशात जन्मून दुसऱ्या देशात नाव काढणाऱ्या माणसावर हक्क कोणाचा? कॅनडात स्थिरावलेले तुर्क आपल्या नामवंतांची नावं अभिमानाने सांगतात, मॉरिशसचे मराठीही सांगतात. आमच्या वर्धा जिल्ह्याला असं एक नाव सांगता येतं, आणि त्या गोष्टीच्या वाटेवर तुर्कस्तानही लागतं, कॅनडाही. पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मेक्सिकोतलं.

हे नाव मी पुस्तकात वाचण्याआधी पुलगावात ऐकलं. आमचे आबाजी कापड मिलमध्ये साच्यावर होते. मिलचा भोंगा झाला की गावाचं घड्याळ पुढे सरकायचं. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजा टाकल्या की त्यांचे एक मित्र यायचे. पुलगाव-आर्वी या छोट्या गाडीवर त्यांची नोकरी झालेली. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही आणि एकमेकांवाचून करमायचंही नाही. खानखोज्यांचा विषय निघाला की रेल्वेवाले आजोबा म्हणायचे, "आपल्याच टेसनावरून गेला तो, साधूच्या वेषात." आबाजी लगेच अडवायचे, "काही बी सांगू नोको. तो मक्याचा डाक्टर होता. पण त्याच्या आंधी बंदूक शिकला, तुर्कस्तानात गेला, अन् इंग्रजाच्या मांगं लागला."

साधूचा वेष ही म्हाताऱ्यांनी वाढवलेली कथा असावी. प्रत्येक गाव आपल्या स्टेशनाला असा एक प्रवासी देतं. पण आबाजींचं वाक्य मोठेपणी तपासलं, तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा निघाला.

लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने हा तरुण जपानमार्गे अमेरिकेला गेला. तिथे त्याने दोन विद्या एकाच वेळी शिकायला घेतल्या, सैनिकी आणि शेतकी. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत तो शिकला, आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये मिसळला. यातूनच १९१३ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणारा गदर पक्ष उभा राहिला. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना, कर्तारसिंग सराभा ही नावं आपल्याला माहीत असतात. त्यांच्यासोबत दोन मराठी माणसं होती, एक खानखोजे आणि दुसरे तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे भारतात परतले, पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला सराभांसोबत फासावर गेले.

गदर पक्ष ज्या स्थलांतरितांतून उभा राहिला, त्यांच्याच गोष्टीत कॅनडा येतो. १९१४ च्या मे महिन्यात कोमागाता मारू हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने आधीच करून ठेवला होता, आणि भारतातून तसं येणं जवळपास अशक्य होतं. दोन महिने जहाज बंदरात अडकून पडलं. थोडे जण उतरू शकले, बाकीचे परत पाठवले गेले. त्याही देशात आज हिंदी वंशाची माणसं खासदार आणि मंत्री आहेत. ज्या दारातून हाकललं गेलं त्याच दारातून नातवंडं आत गेली, हे मला फार मोठं वाटतं.

पहिलं महायुद्ध पेटलं तसे खानखोजे पूर्वेकडे निघाले. जर्मनी आणि तुर्कस्तान इंग्रजांविरुद्ध लढत होते, त्यांच्या मदतीने इराणमार्गे भारताच्या सीमेवर धडक मारायची, असा बेत होता. ते कॉन्स्टँटिनोपलला पोचले, तिथून बगदाद, मग इराण. तिथल्या टोळ्यांबरोबर ते इंग्रजांशी लढले, डोंगराळ मुलखात लपून राहिले. बेत फसला. ज्यांच्या भरवशावर हे चाललं होतं ती साम्राज्यंच युद्धात कोसळली. पुढे बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को. घरी परतायचं तर वॉरंट वाट पाहत होतं. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

आबाजींच्या गोष्टीत लढाईचा भाग मोठा असायचा आणि मेक्सिको एका वाक्यात संपायचं. मला उलट वाटतं. त्यांच्या आयुष्याचा गाभा मेक्सिकोत आहे.

मेक्सिकोत तेव्हा क्रांती नुकतीच होऊन गेली होती. मोठमोठ्या जमीनदारांची जमीन गावांना वाटली जात होती. पण जमीन मिळाली म्हणजे पीक येतंच असं नाही, हे कोरडवाहू कापूस पेरणाऱ्या आपल्या माणसाला सांगायला नको. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे शिकवू लागले. मका हे तिथलं रोजचं अन्न. तेओसिंते नावाचं मक्याचं रानटी नातलग गवत तिथे उगवतं. त्याचा मक्याशी संकर करून जास्त कणसं धरणारं वाण मिळतं का, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. गव्हावरही केलं. आणि प्रयोगशाळेत थांबले नाहीत. जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या, त्यांच्याच गावात, त्यांच्याच शेतात शिकवणाऱ्या.

छायाचित्रकार टीना मोडोट्टीने या कामाचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र झाला. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराने रंगवलेलं एक चित्र आहे, लांब टेबलाभोवती बसलेली कष्टकरी माणसं, आणि मध्ये भाकरी वाटून देणारा माणूस. तो माणूस खानखोज्यांवरून रंगवला आहे. जगातल्या सगळ्यांत मोठ्या भित्तिचित्रकाराने अन्नवाटप कोणाच्या हाती दिलं, तर वर्ध्याच्या एका मुलाच्या. ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवी होती.

१९३६ मध्ये त्यांनी झान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावलं. देश स्वतंत्र झाला होता, पण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतून त्यांचं नाव काढायचं राहून गेलं होतं, आणि मुंबईत उतरल्यावर त्यांना अडवलं गेलं. इतक्या वर्षांनी मायभूमीवर पाऊल ठेवताना हे घडलं. हे वाचताना मला आजही राग येतो. पुढे ते नागपुरात राहिले आणि जानेवारी १९६७ मध्ये तिथेच वारले. आदल्याच वर्षी भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणून पेरलं होतं. नॉर्मन बोरलॉग ज्या कार्यक्रमात दाखल झाले, त्याचं सुरुवातीचं ठाणं चापिंगोतच होतं. त्या आवारात आपला एक माणूस त्याच्या आधीपासून शिकवत होता, हे हरितक्रांतीच्या कौतुकात कोणी सांगत नाही.

वर्धा त्यांना का विसरलं, याचं माझं उत्तर सरळ आहे. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेगावला, आणि जिल्ह्याची ओळख कायमची ठरली. जमनालाल, विनोबा, सूत, सफाई. त्या ओळखीचा मला अभिमान आहे. पण बंदुकीच्या मार्गाने निघालेला माणूस त्यात बसेना. त्याच जिल्ह्यात, आमच्या पुलगावात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचं प्रचंड भांडार उभं राहिलं, ते बसलं. बंदूक खाली ठेवून बियाणं हाती घेतलेल्या माणसाला मात्र जागा मिळाली नाही.

वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे, कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झालं.

पुलगावची मिल बंद पडली, छोटी गाडी थांबली, अंगणात भांडणारे ते दोघेही राहिले नाहीत. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी किती तरी मी लिहून घेतल्या नाहीत. म्हणून देवळी, आर्वी, हिंगणघाट, पुलगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: सातवी-आठवीच्या वर्गात एक तास खानखोज्यांसाठी काढा, नकाशावर वर्ध्यापासून चापिंगोपर्यंत रेघ ओढून दाखवा. आणि ज्यांच्या घरी नव्वदीतली माणसं अजून आहेत, त्यांनी या माणसाबद्दल त्यांना काय आठवतं ते याच महिन्यात विचारून, तारीख घालून लिहून ठेवावं.